चालवलेलं मूल आणि चाललेलं मूल

डोंगर चढणाऱ्या लहान मुलाचा एक प्रश्न ठरलेला असतो, "अजून किती राहिलं?" आमच्या घरातली दखनी बोलणारी मुलं विचारतात, "मामू, और कित्ता है?" शब्द वेगळे, कंटाळा तोच. मोठ्यांचं उत्तरही ठरलेलं, "आलंच आता!" हे उत्तर खरं नसतं आणि ते मुलालाही पक्कं ठाऊक असतं.

हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी देवगिरीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहा. आपल्या शहरापासून हा किल्ला पंधरा किलोमीटर. सकाळी मुलं गाडीतून उड्या मारत उतरतात. दोन तासांनी त्यातलं एखादं बापाच्या खांद्यावर झोपलेलं, एखादं पायरीवर बसून रडणारं, तर एखादं हातात मोबाइल दिल्यामुळे गप्प झालेलं दिसतं. आई-बापाचा हेतू चांगलाच असतो. इतकं लांब आलो, तर वरची बारादरी पाहूनच जाऊ, असं त्यांना वाटतं. पण बारादरी मोठ्यांना पाहायची असते. मुलाला तिच्याशी काही देणंघेणं नसतं.

या किल्ल्याचा इतिहास वाचताना राजे-सुलतानांच्या गर्दीत मला दोन मुलं दिसत राहतात. दोघंही लांबून आली, दोघांनाही आजोबांचा आधार होता आणि दोघंही पुढं कवी झाली. पण एकाला या किल्ल्याकडे चालवत आणलं होतं आणि दुसरा आपणहून चालत आला होता. मुलांना डोंगरावर न्यायचं कसं, हे मी या दोघांकडून शिकलो.

पहिला मुलगा दिल्लीचा. त्याचं नाव इसामी. १३२७ साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवायचं ठरवलं आणि देवगिरीचं नाव दौलताबाद झालं. सगळी दिल्ली ओस पडली, असं जुने लेखक लिहितात. आजचे अभ्यासक म्हणतात, की मुख्यतः अमीर-उमराव, विद्वान, सूफी आणि त्यांची कुटुंबं हलवली गेली. ते काही असो, इसामीचं घर त्यात होतं. तो तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होता. बरोबर नव्वद वर्षांचे आजोबा होते. म्हाताऱ्याला अंथरुणातून उठवून वाटेला लावलं. दिल्लीजवळच तिलपत नावाचं गाव आहे. आजोबांनी तिथंच, पहिल्या मुक्कामावर, प्राण सोडला. त्यांना तिथं पुरून नातू दख्खनकडे निघाला. पुढची वाट हजार किलोमीटरच्या वर होती.

गंमत म्हणजे ही वाट काही वाईट नव्हती. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी याच वाटेनं दौलताबादला आला. चाळीस दिवसांचा रस्ता, दुतर्फा झाडं, जणू बागेतून चालावं, असं वर्णन त्यानं केलं आहे. दर कोसाला तीन डाकचौक्या होत्या आणि वाटसरूला लागेल ते वाटेत मिळत होतं. म्हणजे सावली होती, पाणी होतं, विसावे होते. सहलीला लागणारी सगळी सोय होती म्हणा ना! तरीही इसामीच्या मनात त्या वाटेची सावली राहिली नाही. तो इथंच राहिला आणि १३५० साली त्यानं 'फुतूह-उस-सलातीन' हा हजारो बैतांचा फारसी इतिहास लिहून पूर्ण केला. त्यात तुघलकावरचा राग ओळीओळीतून उसळतो. तेवीस वर्षांनीही तो उतरला नव्हता. सुलतानानं रस्त्यावर झाडं लावली, पण चालणाऱ्याला विचारलं नाही. मूल सोयीनं चालत नाही, हे इसामीनं मला शिकवलं.

दुसरा मुलगा पैठणचा. त्याला तुम्ही सगळे ओळखता. तो म्हणजे एकनाथ. सोळाव्या शतकातली गोष्ट. आई-वडील लहानपणीच गेलेले, सांभाळ आजोबा चक्रपाणींनी केलेला. परंपरा सांगते, की बाराव्या वर्षी हा मुलगा घरात कुणाला न सांगता निघाला आणि देवगिरीला जनार्दनस्वामींपुढं येऊन उभा राहिला. पैठणहून देवगिरी साठ-पासष्ट किलोमीटर. वाटेत ना सरकारी सराई, ना बरोबर मोठं माणूस. जनार्दनस्वामी तेव्हा निजामशाहीतर्फे या किल्ल्याचे किल्लेदार. आणि त्यांचे गुरू चांद बोधले. या नावाशी आमचा सूफी आणि तुमचा संत दोघंही हात धरून उभे राहतात. बारा वर्षांच्या पोराला इतकं कोणी चालवू शकलं असतं का? शक्यच नाही. त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं कारण होतं, म्हणून तो चालला.

गुरूंनी त्याच्याकडे हिशेबाचं काम दिलं. एका रात्री एका पैचा घोळ सापडेना. पहाटेपर्यंत तो वह्या उलटत बसला आणि चूक सापडताच आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. मला ती फार आवडते, कारण त्यात संत दिसायच्या आधी मूल दिसतं. हरवलेलं काहीतरी शोधायला दिलं की मुलाला झोपही आठवत नाही आणि पायही दुखत नाहीत.

तर युक्ती एवढीच. चढायचं कारण मोठ्यांच्या खिशातून काढून मुलाच्या हातात द्यायचं. दर हिवाळ्यात मी भाचे, पुतणे आणि शेजारची मुलं यांना घेऊन देवगिरीला जातो. आम्ही हा किल्ला कसा चढतो, ते सांगतो.

पायथ्याशीच प्रत्येकाला हुद्दा मिळतो. सगळ्यात थोरला किल्लेदार, त्यानं कोणी मागं राहत नाही ना हे पाहायचं. एक पाणक्या. आणि बाकी सगळे कारकून. कारकुनांनी पायऱ्या मोजायच्या. एकूण साडेसातशेच्या आसपास सांगतात, पण दोन कारकुनांचा आकडा आजवर कधी जुळलेला नाही. कुणाला अर्धी पायरी मोजायची की नाही असा प्रश्न पडतो, तर कुणी खारीच्या मागे धावताना आकडा विसरतो. मग एकनाथांच्या पैसारखा तो घोळ शोधत सगळे आनंदानं उतरतात, कारण उतरताना पुन्हा मोजायचं असतं. "अजून किती" हा प्रश्न आता मुलं मला विचारत नाहीत, मीच त्यांना विचारतो.

दुसरी गोष्ट शिदोरीची. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला तेव्हा रामदेवरायाचं मोठं सैन्य बाहेर गेलेलं होतं. राजानं किल्ल्याचा आसरा घेतला. किल्ला असा, की कड्यावर सरडासुद्धा चढू नये. पण गडबडीत धान्याची म्हणून जी पोती वर नेली, ती उघडल्यावर त्यात मीठ निघालं, अशी कथा सांगतात. कड्याला हरवता येत नव्हतं, पण पोटानं दगा दिला. पुढं १६३३ मध्ये मोगलांचा सरदार महाबतखान याने वेढा घातला, तेव्हाही आतल्या उपासमारीनंच किल्ला पडला. ही कथा सांगून झाली, की मुलं स्वतःहून पिशव्या उघडून तपासतात. पोळीचा रोल, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, पेरू. दिवाळीच्या सुमारास आलात तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं असतातच. खाऊ मात्र पिशवीतच ठेवायचा, कारण किल्ल्यावरची माकडं कुणाला जकात माफ करत नाहीत. पाणी जास्त घ्यायचं आणि भूक लागायच्या आधी खायला द्यायचं. मुलाचा हट्ट पुष्कळदा पोटातून निघालेला असतो.

आता दरवाजे. महाकोटाच्या दारावर हाताएवढे लोखंडी खिळे आहेत. ते का? हत्तीनं डोक्यानं धडक देऊ नये म्हणून. आणि दरवाज्यांची वाट अशी वळणावळणाची का? हत्तीला पळत येऊन जोर घेता येऊ नये म्हणून. हे मी सांगत नाही. आधी एका मुलाला हत्ती करतो आणि पळत यायला लावतो. वळणावर तो भिंतीला अडखळला, की त्याला किल्ल्याचं स्थापत्य समजतं. तिथून पुढं मोठा हत्तीहौद. डोंगरातून खापराच्या नळांनी इथं पाणी आणलं होतं. त्या नळांचे तुकडे कुठं दिसतात, ते शोधायला एक पाऊण तास सहज जातो. जाऊ द्यावा. उजवीकडे चांदमिनार, पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहानं बांधलेला, दोनशे फुटांहून उंच. त्याच्या पायथ्याशी उताणं झोपून वर पाहायचं. ढग सरकत असले तर मिनारच चालतोय असं वाटतं. हा खेळ मला एका पाच वर्षांच्या मुलीनं शिकवला.

मग चिनी महालाजवळ बुरुजावर मेंढा तोफ. तिच्या मागच्या बाजूला मेंढ्याचं तोंड कोरलेलं आहे. तिचं खरं नाव किला-शिकन, म्हणजे किल्ले फोडणारी, पण मुलांनी आणि मराठीनं मिळून तिचं मेंढा करून टाकलं. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा औरंगजेबाच्या कैदेत होता आणि कैदेतच वारला. शिवाय इब्न बतूतानं सांगून ठेवलेले इथले उंदीर आहेतच. किल्ल्यातल्या कोठड्यांत मांजरापेक्षा मोठे उंदीर होते आणि मांजरंच त्यांना भिऊन पळत, असं त्यानं लिहिलं आहे. मलिक खत्ताब नावाच्या एका कैद्यानं अशा विवरात रात्र-रात्र उंदरांशी झुंज दिल्याची हकीकतही त्यानं दिली आहे. ही गोष्ट सांगितली, की पुढचा अर्धा तास एकही मूल थकत नाही.

यानंतर खंदक आणि अंधेरी. इथं मात्र मोठ्यांनी शहाणं व्हायला हवं. ताशीव कड्याच्या पोटातून वर जाणारा हा भुयारी जिना शत्रूला चकवण्यासाठी कोरलेला. आत वटवाघळांचा वास, उंच-सखल पायऱ्या आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. शत्रूला घाबरवण्यासाठी केलेली जागा ती, तिथं सहा वर्षांचं मूल घाबरलं तर त्यात त्याचा काय दोष? "घाबरतोस काय, मर्द ना तू?" असं म्हणणारे बाप मी तिथं पाहिले आहेत. मी मुलांना सांगतो, की भल्याभल्या सैन्यांना इथं घाम फुटला असता, तेव्हा भिणं हे इथलं रीतसर काम आहे. एक हात भिंतीला, एक हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि सर्वांनी मिळून मोठ्यानं पायऱ्या मोजायच्या. आवाजानं अंधार लहान होतो. तरीही कुणी नाही म्हणालं, तर त्याच्याबरोबर एका मोठ्यानं बाहेर थांबायचं. बाहेर थांबलेला 'खंदकाचा पहारेकरी' होतो. पुढच्या वर्षी बहुतेक तो स्वतःच पुढं होतो.

आता थोडी अवघड गोष्ट. मागं एका खेपेला शेजारचा दहा वर्षांचा मुलगा भारतमाता मंदिराच्या चौकात उभा राहून मला म्हणाला, "चाचा, हा किल्ला तुमच्या लोकांनी आमच्याकडून घेतला ना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मोबाइलवर कुठं तरी ऐकलेलं होतं, ते त्यानं विश्वासानं मला विचारलं. बरोबरची आमची मुलं माझ्या तोंडाकडे पाहू लागली. डोंगरावर मुलांना न्यायचं म्हटलं, की उन्हापावसाची तयारी आपण करतो. अशा प्रश्नाची तयारीही करायला हवी, कारण तो येणारच. आपल्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, त्या वादाच्या आवाजात ही मुलं मोठी होत आहेत. इतिहास त्यांना पायांनी भेटण्याआधी भोंग्यातून भेटतो.

मी म्हटलं, "उभा आहेस ना, तिथले खांब बघ." ते जुन्या देवळांचे खांब आहेत. १३१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं ते वापरून इथं जामा मशीद बांधली. १९४८ नंतर तिथं भारतमातेची मूर्ती बसली. यातलं काहीही मी झाकलं नाही. मुलांपुढं लपवाछपवी केली, की ती दुसऱ्या कुणाकडून तरी अर्धं ऐकतात. मग म्हटलं, "चल, मोजू." यादवांनी डोंगर निवडला आणि वसवला. खिलजी आले, तुघलक आले. बहमनींनी मिनार उभारला. निजामशाहीनं राखला, तेव्हा किल्लेदार जनार्दनस्वामी होते. बाहेरचा अंबरकोट मलिक अंबरच्या नावानं ओळखला जातो, जो हबशी गुलाम म्हणून विकला गेला होता आणि ज्यानं १६१० मध्ये आपलं शहर खडकी म्हणून वसवलं. मग मोगल. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर काही काळ मराठे. मग निजाम. पोरानं बोटं मोजली, एका हाताची पुरली नाहीत. थोडा वेळ विचार करून त्यानं विचारलं, "मग तो मेंढा कुणाच्या बाजूनं होता?"

मी म्हटलं, "जो दारू भरील त्याच्या."

सगळी पोरं खो-खो हसली आणि पुढं पळाली. त्याचं समाधान झालं का, मला माहीत नाही. प्रश्न विचारावासा वाटला तेव्हा तो मला विचारता आला, एवढं मात्र झालं. एकत्र पायऱ्या चढताना धाप लागते, पाण्याची एकच बाटली फिरते, आणि मग असले प्रश्न भांडण न होता विचारता येतात. घरात बसून हे जमत नाही. मला मुलांना किल्ल्यावर न्यावंसं वाटतं ते म्हणून. व्यायाम होतो, ती वरकड कमाई.

आणि वर पोचलंच पाहिजे का? मुळीच नाही. माझा अनुभव असा, की पाच वर्षांच्या मुलाचा देवगिरी पहिल्या वर्षी हत्तीहौदापाशी संपतो, दुसऱ्या वर्षी मेंढ्यापाशी, तिसऱ्या वर्षी अंधेरीच्या तोंडाशी. किल्ला आठशे वर्षं थांबला आहे, आणखी दोन हिवाळे थांबेल. आलं-गेलं दाखवण्याची घाई आपल्याला असते. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या अशा वास्तूंत तिकीट नाही, तेव्हा पैसे वसूल करण्याचाही प्रश्न नाही. मार्चनंतर मात्र नेऊ नका. काळा खडक तापला, की पायऱ्यांतून वाफ निघते.

मुलांना चालवणं आपल्याकडे नवं नाही. नाथषष्ठीला पैठणकडे जाणाऱ्या दिंड्यांत लेकरं असतात. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. खुलताबादच्या उरुसाला आमची घरंच्या घरं मुलाबाळांसह निघतात. या सगळ्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. टाळ असतो, कव्वाली असते, वाटेत कुणीतरी चहा आणि केळी वाटत असतं, आणि दमलेलं पोर न बोलता कुणाच्या तरी खांद्यावर जातं. चालणं म्हणजे परीक्षा, असं तिथं कुणी मानत नाही. 'ट्रेक' हा शब्द आला आणि त्याच्याबरोबर शिखर आलं, वेळ आली, फोटो आले. मुलं मात्र अजून दिंडीच्याच चालीनं चालतात. दहा पावलं पुढं, चार मागं आणि एक मुंगी बघायला.

देवगिरीकडे आपणहून चालत आलेला तो मुलगा पुढं पैठणला परतला, मोठा झाला. त्यानं भारुडं रचली, हिंदू आणि तुर्क यांना एकमेकांशी भांडायला आणि मग समजून घ्यायला लावणारा संवादही लिहिला. पण त्याची मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट लिहिण्याची नाही. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लहान मूल पाय भाजून रडत होतं. तेव्हाच्या समाजानं ज्याला शिवू नये असं ठरवलेलं, असं ते मूल. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. लहानपणी एवढी वाट स्वतः तुडवलेल्या माणसालाच लहान पायांना काय भाजतं, ते इतक्या पटकन कळलं असेल.

तेव्हा या हिवाळ्यात मुलांना देवगिरीला न्या. आपलंच नेऊ नका, शेजारचंही एखादं बरोबर घ्या. त्याला काही तरी मोजायला द्या, काही तरी शोधायला द्या, विचारील ते विचारू द्या. आणि थकलं, की किती पायऱ्या झाल्या ते न बघता उचलून घ्या.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)